व्हीटीएलच्या चकाला विद्युत ब्रेक : प्रकल्प नोंदी, शिरोली

१२ नोव्हेंबर २०२४

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका मशीन शॉपमध्ये आज पहिली पाहणी केली. यंत्र जुने आहे, उभी लेथ म्हणजे व्हीटीएल. चकाचा, म्हणजे जॉब (कापायचा भाग) पकडून फिरणाऱ्या आडव्या चकतीचा, व्यास एक मीटर, मोटर १५ किलोवॅट, चार पोल (चुंबकीय ध्रुव), ४१५ व्होल्ट, २८ अँपिअर, मिनिटाला १४६० फेरे, स्टार्टर स्टार-डेल्टा, म्हणजे मोटर आधी कमी प्रवाहाच्या स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेणारा. मोटरवरून व्ही-बेल्टने गिअरबॉक्स आणि तेथून चक फिरतो. सर्वांत वरच्या गिअरला चक मिनिटाला २४० फेरे घेतो. यावर ट्रकच्या ब्रेक ड्रमच्या कास्टिंगचे टर्निंग चालते. ब्रेक ड्रम तयार करणाऱ्या या यंत्राला स्वतःचा ब्रेक मात्र नाही. मूळचा पट्टा-ब्रेक लायनर झिजल्यावर कधीतरी काढून टाकला गेला आणि पुन्हा बसवलाच नाही.

स्टॉप बटण दाबल्यावर चक पूर्ण थांबायला किती वेळ लागतो हे स्टॉपवॉचवर पाच वेळा मोजले. २४ ते २६ सेकंद लागतात, सरासरी २५ धरली. जॉब बदलताना आणि मधे माप घेताना मिळून तासाला सुमारे वीस वेळा चक थांबवावा लागतो, म्हणजे तासातली आठ मिनिटे नुसती वाट पाहण्यात जातात. ही वाट टाळण्यासाठी यंत्रावरचे मामा फिरत्या चकाच्या कडेला लाकडी फळी टेकवतात. त्यांना हटकले तेव्हा उत्तर आले, "ते थांबंस्तोवर जॉब घेऊन उभारायचं काय, साहेब?" प्रश्न रास्त आहे, उपाय मात्र हात गमावण्याचा आहे. मालकांना फळीचा धोका मान्य आहे. त्यांची अट एवढीच की खर्च बेताचा असावा.

१४ नोव्हेंबर २०२४

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील आमच्या शेडवर बसून आज आकडेमोड केली. ब्रेकची पद्धत कोणतीही निवडली तरी चकात साठलेली गतिज ऊर्जा कुठेतरी घालवावीच लागणार, म्हणून ती किती आहे हे आधी ठरवले.

चक आणि जॉज (जॉब पकडणारे जबडे) मिळून सुमारे ५०० किलो; भरीव चकती मानल्यास जडत्व आघूर्ण (फिरण्यातले जडत्व) ६२.५ किलोग्रॅम-मीटर वर्ग येते. ड्रमचे कास्टिंग ६० किलोच्या आसपास असून त्याची भर अडीचपेक्षाही कमी पडते. एकूण ६५ धरले. २४० फेऱ्यांना चकाची ऊर्जा साधारण २०.५ किलोज्यूल होते. मोटरचा रोटर (फिरता भाग), पुली आणि गिअर यांचे अडीच किलोज्यूल मिळवले की बेरीज २३ किलोज्यूल. हेच जडत्व मोटरच्या शाफ्टवर आणून पाहिले तर दोन किलोग्रॅम-मीटर वर्गाच्या किंचित खाली उतरते. चक नुसता सोडला तर २५ सेकंदांत थांबतो, यावरून घर्षणाचा टॉर्क (फिरवणारा वा फिरणे अडवणारा जोर) मोटरच्या शाफ्टवर १२ न्यूटन-मीटर निघतो. मोटरचा पूर्ण भाराचा टॉर्क ९८ न्यूटन-मीटर आहे. तेवढाच टॉर्क उलट दिशेने मिळाला तर घर्षणाच्या मदतीने चक तीन सेकंदांच्या आत थांबेल. याहून जलद थांबवण्याची गरज नाही आणि बेल्टला ते सोसणारही नाही.

खालच्या गिअरला मोटरचा वेग तोच राहतो, पण चकाचा वेग निम्मा झाला की त्याची ऊर्जा चौथाई होते. त्यामुळे हिशोब वरच्या गिअरसाठी जुळला की इतर गिअरसाठी वेगळा करण्याची गरज नाही.

१९ नोव्हेंबर २०२४

मालकांच्या ओळखीच्या एका वायरमनने सुचवले होते की दोन फेज उलटे केले की काम होते, त्यासाठी एक कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) पुरे. ही सूचना प्लगिंगची, म्हणजे फिरत्या मोटरला उलट दिशेचा पुरवठा देऊन थांबवण्याची. तिची चाचणी आज घेतली, पण डेल्टात न घेता स्टारमध्ये घेतली. डेल्टात सुरुवातीचा प्रवाहच पूर्ण भाराच्या सहापट असतो, आणि प्लगिंगच्या क्षणी स्लिप, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाच्या (स्टेटरच्या) फिरत्या चुंबकीय क्षेत्रामागे रोटर किती पडतो त्याचे प्रमाण, जवळजवळ दोन असल्यामुळे प्रवाह त्याहूनही थोडा जास्त जातो. स्टारमध्ये तो एकतृतीयांश होतो.

चक पाच सेकंदांत थांबला. मात्र शून्यावर पोहोचताच पुरवठा तोडणारा झिरो-स्पीड स्विच नव्हता; आमच्या सहकाऱ्याने हाताने बटण सोडायला अर्धा सेकंद उशीर केला आणि चक उलट फिरू लागला. हाताने करण्याचे हे काम नव्हे. स्विच बसवता येईल, तो महागही नाही. माझा आक्षेप मोटरच्या उष्णतेवर आहे. पूर्ण वेगापासून शून्यापर्यंत प्लगिंग केले तर रोटरमध्ये निर्माण होणारी उष्णता फिरत्या भागांतील गतिज ऊर्जेच्या तिप्पट असते, कारण थांबत्या चकाची ऊर्जा तर तेथे जातेच, शिवाय पुरवठ्यातून मोटर दुप्पट ऊर्जा ओढून घेते आणि तीही रोटरच्या बारमध्येच जळते. घर्षणाचा वाटा सोडला तर थांबताना ६९ आणि पुन्हा सुरू होताना २३ असे दर थांब्याला ९२ किलोज्यूल झाले. तासाला वीस थांबे म्हणजे सरासरी अर्धा किलोवॅट उष्णता एकट्या रोटरमध्ये, आणि साधारण तेवढीच भर स्टेटरची. कापण्याच्या भाराची उष्णता याशिवाय वेगळी. मोटरच्या नेमप्लेटवर एस-१ म्हणजे अखंड चालण्याची ड्यूटी लिहिली आहे. वारंवार सुरू करून विद्युत ब्रेकने थांबवण्याची ड्यूटी एस-५ असते. एस-१ मोटरला रोज तीनशे वेळा प्लगिंग करायला लावले तर तिचे वाइंडिंग किती महिने टिकेल याची हमी मी देणार नाही.

प्लगिंग बाद केले. मालकांना कारण पटले. मोटर रिवाइंड करण्याचा खर्च त्यांना पाठ आहे.

२२ नोव्हेंबर २०२४

डीसी इंजेक्शनची तयारी. मोटरचा एसी पुरवठा तोडून दोन टर्मिनलांना डीसी दिला की स्टेटरचे चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी उभे राहते, फिरत्या रोटरचे बार ते छेदतात आणि त्यांत निर्माण होणारा प्रवाह रोटरलाच अडवतो. येथे पुरवठ्यातून ओढलेली ऊर्जा फक्त स्टेटरचे क्षेत्र धरून ठेवण्यापुरती असते. रोटरमध्ये गतिज ऊर्जेइतकीच, म्हणजे प्लगिंगच्या एकतृतीयांश उष्णता होते.

दोन टर्मिनलांमधील रोध ०.५६ ओहम भरला. पूर्ण भाराच्या दुप्पट, म्हणजे ५६ अँपिअर हवे तर साधारण ३१ व्होल्ट डीसी लागतो. एसीचा डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरच्या डायोडमधील घट धरून ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूला ३७ व्होल्ट एसी हवे. उद्यमनगरातल्या ट्रान्सफॉर्मरवाल्याकडे ३६ आणि ४० व्होल्टचे टॅप असलेला एक तयार ट्रान्सफॉर्मर मिळाला, तो चाचणीपुरता उसना आणला.

२८ नोव्हेंबर २०२४

आज चूक झाली, आणि ती सर्वस्वी माझी. एसी कॉन्टॅक्टर सुटल्यापासून डीसी कॉन्टॅक्टर लागेपर्यंतचा टायमर मी ०.२ सेकंदांवर ठेवला होता. पुरवठा तुटला तरी रोटरमधील चुंबकत्व लगेच विरत नाही; ते उतरेपर्यंत फिरती मोटर जनित्रासारखी वागते आणि तिच्या टर्मिनलांवर काही काळ शंभर-दोनशे व्होल्ट उभे असतात. त्या अवस्थेत ३६ व्होल्टचा ब्रिज तिला जोडला गेला. एक डायोड शॉर्ट झाला, ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडाला, आणि चक नेहमीप्रमाणे २५ सेकंद फिरत राहिला. मामा काही बोलले नाहीत, फक्त फळीकडे पाहिले.

दुसरा ब्रिज आणून टायमर एक सेकंदावर नेला. दोन्ही कॉन्टॅक्टरमध्ये यांत्रिक इंटरलॉक (दोन्ही एकदम लागू न देणारी अडवणूक) होताच. त्याला विद्युत इंटरलॉकची जोड दिली. त्यानंतर सलग दहा वेळा चक थांबवला. त्या एका सेकंदासह साडेसहा सेकंद लागले. डीसी इंजेक्शनचा स्वभाव डोळ्यांना दिसतो: वेग जास्त असताना ब्रेक मऊ लागतो, वेग उतरत गेला की पकड वाढत जाते, आणि अगदी शेवटी एक घट्ट आवळ बसते. थांबल्यावर मात्र काहीच धरून ठेवले जात नाही. व्हीटीएलचा चक आडव्या पातळीत फिरतो, त्यामुळे येथे ते चालते; हॉइस्टला, म्हणजे भार उचलणाऱ्या यंत्राला, केवळ यावर विसंबले तर भार खाली येईल.

साडेसहा सेकंद मालकांना पुरेसे वाटले आणि खर्चही कमी. मी दोन दिवस मागून घेतले.

३ डिसेंबर २०२४

विचारांती व्हीएफडी ड्राइव्ह (पुरवठ्याची वारंवारता बदलून मोटरचा वेग बदलणारे उपकरण) आणि ब्रेकिंग रोधक (ब्रेकची ऊर्जा उष्णतेत जाळणारा) ही जोडी सुचवली. खर्च डीसी इंजेक्शनच्या कितीतरी पट आहे हे लपवले नाही. पण ड्राइव्हमुळे सुरू होतानाची रोटरची उष्णता जवळजवळ संपते, स्टार-डेल्टाचा झटका जातो आणि फेसिंग करताना, म्हणजे जॉबचा सपाट माथा कापताना, व्यास कमी होईल तसा वेग वाढवता येतो. मालकांनी होकार दिला तो मुख्यतः या शेवटच्या कारणासाठी. ब्रेक त्यांना फुकटात मिळाला असे ते म्हणतात. त्यात तथ्य आहे.

७ डिसेंबर २०२४

ड्राइव्ह बसवला. रोधक अजून आलेला नाही, तरी बेल्टचा ताण आणि मोटरची दिशा पाहण्यासाठी चालवून पाहिले. मामांनी उत्सुकतेने थांबण्याचा वेळ तीन सेकंद करायला सांगितला. तो केला आणि अपेक्षेप्रमाणे ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप झाला.

हे मालकांना समजावून सांगितले ते येथेही लिहून ठेवतो. ड्राइव्हने वारंवारता खाली आणली की रोटर स्टेटरच्या क्षेत्राहून जलद फिरू लागतो, स्लिप ऋण होते आणि मोटर जनित्र बनून ऊर्जा ड्राइव्हच्या आतल्या डीसी पुरवठ्याकडे, म्हणजे डीसी बसकडे, परत पाठवते. ड्राइव्हच्या प्रवेशद्वाराशी साधा डायोड रेक्टिफायर असल्यामुळे ही ऊर्जा महावितरणच्या तारेत परतू शकत नाही. ती कपॅसिटरमध्ये साठते. ४१५ व्होल्टला बस ५८७ व्होल्टवर असते आणि ८०० च्या आसपास ट्रिप होते. हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर या दोहोंमध्ये जेमतेम १५० ज्यूल सामावतो, आणि आपल्याकडे आहेत २३,०००. वेग वीस सेकंदांत हळूहळू उतरवला, म्हणजे वीस सेकंदांचा उतार दिला, तर ट्रिप येत नाही, कारण तेवढ्या वेळात घर्षण आणि मोटरमधील हानी मिळून बरीचशी ऊर्जा खाऊन टाकतात. पण वीस सेकंदांसाठी कोणी ड्राइव्ह घेत नाही.

११ डिसेंबर २०२४

रोधक आला. ४० ओहम, २ किलोवॅट, स्टीलच्या जाळीचा. ड्राइव्हचा चॉपर (बसमधील जादा ऊर्जा रोधकात सोडणारा स्विच) ७६० व्होल्टला चालू होतो. तेव्हा रोधकातून १९ अँपिअर जातात आणि तो १४ किलोवॅटहून थोडे अधिक गिळू शकतो. तीन सेकंदांत थांबायचे तर मोटरच्या शाफ्टवर सुरुवातीला साडेतेरा किलोवॅट लागतात आणि त्यातील काही मोटरमध्येच जातात, म्हणजे रोधक पुरेसा आहे. ड्राइव्हच्या पुस्तिकेतील किमान मर्यादा ३० ओहम असल्याने चॉपरवरही ताण येत नाही. सरासरी भार तर अगदीच किरकोळ: दर थांब्याला रोधकात सुमारे १६ किलोज्यूल, तासाला वीस थांबे, म्हणजे ९० वॅटही नाहीत.

तरीही २ किलोवॅटचा रोधक घेतला आणि तो पॅनेलच्या आत न ठेवता पॅनेलच्या माथ्यावर, झडपांच्या पत्र्याच्या पेटीत बसवला. या शॉपमध्ये बिडाची भुकटी सतत उडते. ती ग्रॅफाइट आणि लोखंडाची असल्यामुळे वीज वाहून नेते. पॅनेलला पंखा लावून हवा खेळवणे म्हणजे ही भुकटी ड्राइव्हवर ओढून आणणे. पॅनेल बंदच राहिले पाहिजे, आणि म्हणून उष्णता देणारी वस्तू बाहेर गेली पाहिजे.

रोधकावरील थर्मल स्विच (जास्त तापल्यावर उघडणारा) कुठे जोडायचा यावर आमच्या वायरमनशी बराच वेळ चर्चा झाली. तो ड्राइव्हच्या फॉल्ट टर्मिनलला जोडणार होता. मी ते नाकारले. चॉपरचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर रोधकावर ५८७ व्होल्ट कायमचे लागतील, म्हणजे २ किलोवॅटच्या रोधकात साडेआठ किलोवॅट. अशा वेळी ड्राइव्हला फॉल्ट दाखवून काय उपयोग? बिघाड ड्राइव्हच्या आतच आहे. मोटर थांबेल, पण रोधक लाल होतच राहील. म्हणून थर्मल स्विचने ड्राइव्हच्या आधीचा मुख्य कॉन्टॅक्टरच पाडला पाहिजे. तसे जोडले आणि स्विचची तार काढून कॉन्टॅक्टर पडतो याची खात्री केली.

तीन सेकंदांच्या थांब्याला बेल्ट किंचाळले. शिवाय ब्रेक लागण्याच्या क्षणी गिअरचे दात एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जाताना "खट्" असा आवाज आला. वेळ चार सेकंद केला आणि उताराच्या सुरुवातीला एस-वळण दिले, म्हणजे ब्रेक एकदम न लागता हळूहळू लागू दिला. दोन्ही आवाज गेले. शेवटच्या काही फेऱ्यांसाठी ड्राइव्हचेच डीसी इंजेक्शन अर्धा सेकंद ठेवले.

१४ डिसेंबर २०२४

पंचगंगेच्या पुलावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असल्याने शिरोलीला पोहोचायला उशीर झाला. पोहोचल्यावर जे आढळले ते मी ११ तारखेलाच पाहायला हवे होते.

स्टॉप बटणाने चक चार सेकंदांत थांबतो. इमर्जन्सी बटण दाबले तर २५ सेकंद लागतात. जुन्या पॅनेलची सवय म्हणून आम्ही इमर्जन्सी बटणही मुख्य कॉन्टॅक्टरवर घेतले होते, शिवाय त्याच बटणाने ड्राइव्हचे एसटीओ, म्हणजे मोटरचा टॉर्क काढून घेणारे टर्मिनलही उघडत होते. टॉर्क गेला की ब्रेकही गेला. ज्या बटणावर माणूस जिवाच्या आकांताने हात मारणार, तेच सर्वांत हळू थांबवणारे निघाले.

आयईसी ६०२०४-१ या मानकात थांबण्याचे तीन प्रकार दिले आहेत: शून्य प्रकारात ऊर्जा तत्काळ तोडायची, पहिल्या प्रकारात ऊर्जा ठेवून यंत्र नियंत्रितपणे थांबवायचे आणि थांबल्यावर ती तोडायची, दुसऱ्या प्रकारात थांबल्यावरही ऊर्जा राहू द्यायची. इमर्जन्सी स्टॉपसाठी शून्य किंवा पहिला, यांपैकी यंत्राला योग्य तो निवडायचा असतो. ज्या यंत्राला यांत्रिक ब्रेक नाही आणि जडत्व मोठे आहे त्याला पहिला प्रकारच हवा. विलंबित संपर्क असलेला, म्हणजे ठरलेल्या वेळाने उघडणारा, सेफ्टी रिले मागवला. बटण दाबताच तो ड्राइव्हला चार सेकंदांच्या उताराचा आदेश देईल आणि पाच सेकंदांनी एसटीओ उघडेल, मग ड्राइव्हने आदेश पाळला असो वा नसो.

थर्मल स्विच मात्र तत्काळ मुख्य कॉन्टॅक्टर पाडतो तसाच राहील. आगीपुढे २५ सेकंदांचा थांबा परवडतो.

१७ डिसेंबर २०२४

सेफ्टी रिले बसवला. इमर्जन्सी बटणाने चक चार सेकंदांत थांबतो. त्यानंतर वीज गेल्याची चाचणी घेतली, म्हणजे पूर्ण वेगात मेन स्विच खाली ओढला. २५ सेकंद.

ड्राइव्हमध्ये वीज गेल्यावर उतार घेण्याची सोय आहे, ती बंद होती. ती चालू केली की ड्राइव्ह चकाच्याच गतिज ऊर्जेवर स्वतःला जिवंत ठेवतो आणि उरलेली रोधकात जाळतो. सोय चालू करून पुन्हा स्विच ओढला. पुन्हा २५ सेकंद. अर्धा तास पॅरामीटर चाळण्यात गेला. दोष तेथे नव्हताच. सेफ्टी रिलेचा २४ व्होल्ट पुरवठा मेनवरच्या स्वतंत्र एसएमपीएसवरून (एसीचा डीसी करून देणाऱ्या पॉवर सप्लायवरून) घेतला होता. वीज गेली की तो रिले पडायचा, एसटीओ उघडायचे आणि जिवंत राहू पाहणारा ड्राइव्ह आमच्याच तारेने गळा आवळून घ्यायचा. ड्राइव्हचे स्वतःचे २४ व्होल्ट डीसी बसवरून तयार होतात. त्या टर्मिनलची अँपिअर-मर्यादा तपासून रिले त्यावर घेतला. आता मेन स्विच ओढल्यावर चक सहा सेकंदांत थांबतो. चकाचा वेग मिनिटाला वीसेक फेऱ्यांवर उतरला की परत येणारी ऊर्जा हानीहून कमी पडते, बस कोसळते आणि उरलेले अंतर घर्षण पुरे करते. वीज परतल्यावर यंत्र आपोआप सुरू होत नाही, हेही तीन वेळा पाहिले.

२१ डिसेंबर २०२४

मालकांचा प्रश्न: ही ऊर्जा रोधकात जाळण्याऐवजी परत तारेत का घालू नये? त्यांनी एका साखर कारखान्यात तसे पाहिले आहे. त्यांनी पाहिले ते खरे आहे. साखरेच्या बॅच सेंट्रिफ्युगलची, म्हणजे साखर मळीपासून वेगळी करणाऱ्या फिरत्या यंत्राची, टोपली हजार-बाराशे फेऱ्यांवर जाते, मग साखर खरवडण्यासाठी पन्नासेक फेऱ्यांवर आणावी लागते, आणि हे तासाला वीसेक वेळा चालते. भरल्या टोपलीचे जडत्व हजार किलोग्रॅम-मीटर वर्ग मानले तर बाराशे फेऱ्यांना एका खेपेची ऊर्जा २.२ युनिट होते, म्हणजे तासाला ४४. ड्राइव्ह नव्हते तेव्हाही तेथे पोल बदलणाऱ्या मोटरी वापरून ऊर्जा परत घेत असत: चालत्या मोटरचे पोल दुप्पट केले की तिचा समकालिक वेग (स्टेटरच्या क्षेत्राचा वेग) निम्मा होतो, आणि वरून खाली येताना ती पुरवठ्याला वीज देते. आपल्या चकातून दोन पाळ्यांत, ३२० थांब्यांत, परत मिळू शकणारी वीज दीड युनिटही भरत नाही. त्यासाठी दोन्ही दिशांनी वीज नेणारा ड्राइव्ह घेतला तर त्याची किंमत माझ्या हयातीत वसूल होणार नाही. मालक हसले आणि विषय संपला.

स्प्रिंगने लागणारा यांत्रिक ब्रेक मात्र पुढील ओव्हरहॉलमध्ये घ्यावा असे लेखी दिले आहे. ड्राइव्हच जळाला तर आजही २५ सेकंदच लागतील.

२४ जानेवारी २०२५

महिन्यानंतरची तपासणी. व्ही-बेल्ट थोडे सैल पडले होते, ताणून घेतले. स्टॉप चार सेकंद, इमर्जन्सी चार, मेन स्विच सहा. तिन्ही वेळा पूर्वीच्याच. दोन तास सलग काम चालू असताना रोधकाच्या पेटीचा पत्रा इन्फ्रारेड मीटरवर ५८ अंश दाखवत होता. पेटीच्या झडपांवर बिडाची भुकटी बसली आहे. ती दर आठवड्याला ब्रशने काढावी, हवेच्या पाइपने उडवू नये, असे पॅनेलच्या दारावर लिहून लावले. फळी यंत्राजवळ दिसली नाही.